पाच स्पीकर आणि न कळणारा संवाद: एका घरातली साउंड मोडची निवड

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या ओळखीच्या एका घरातलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत, बाकी घडलं तसंच लिहितोय. घरात चौघं: दादा, वहिनी, त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी आणि दादांच्या आई, म्हणजे आमच्या काकू. काकूंचं वय पंचाहत्तरच्या पुढे, कान वयाच्या मानाने ठीक, पण बारीक आवाज निसटतात.

दादांनी हौसेने ५.१ सिस्टीम घेतली होती. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना बेताच्या आकाराचे दोन स्पीकर, टीव्हीखालच्या कपाटाच्या कप्प्यात सेंटर, म्हणजे मधला स्पीकर, सोफ्यामागे स्टँडवर दोन सराउंड आणि कोपऱ्यात खर्जाचा आवाज देणारा सबवूफर. रिसीव्हर, म्हणजे स्पीकरांना आवाज वाटून देणारं यंत्र, आणि टीव्ही यांच्यात एकच एचडीएमआय केबल, एआरसीच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणाऱ्या तोंडाला लावलेली. सेट टॉप बॉक्स टीव्हीला जोडलेला, सिनेमे टीव्हीतल्याच अ‍ॅपवरून. बसवायला आलेल्या माणसाने वायरी जोडल्या, पाचही स्पीकर दणक्यात वाजवून दाखवले आणि तो गेला. पाचही एकदम वाजावेत म्हणून त्याने जो मोड लावला होता, तोच पुढे सात-आठ महिने तसाच राहिला: मल्टी चॅनेल स्टिरिओ.

अडचण

वहिनींचा फोन आला तो काकूंसाठी. मालिकेत कोण काय बोलतंय ते त्यांना कळेना. आवाज मात्र ऐकू येत होता, उलट जास्तच येत होता. "अगं, तो सात म्हणाला की साठ?" असं त्या दर पाच मिनिटांनी विचारायच्या. संवादासाठी आवाज वाढवला की पुढच्या पार्श्वसंगीताला भिंती हादरायच्या, म्हणून रिमोट कायम वहिनींच्या हातात. शेवटी संध्याकाळी काकू बसल्या की रिसीव्हर बंद करून टीव्हीचा स्वतःचा स्पीकर चालू करायचा, असा घरात रिवाजच पडला.

दादांचं मत ठाम होतं: सेंटर स्पीकर लहान पडतोय, मोठा घ्यावा लागणार. मुलीची तक्रार निराळीच. गाणी ऐकताना गायिका कुठेच उभी नाही, सगळीकडून गाते आहे, असं तिला वाटायचं. म्हणून ती मोडचं बटण दाबत दाबत हॉल नावाच्या मोडवर जायची आणि त्यात गाणं आणखी घुमायचं. या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच असेल, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

पहिली भेट आणि माझी घाई

मी गेलो तेव्हा काकू झोपल्या होत्या. समोर मल्टी चॅनेल स्टिरिओ दिसल्यावर मला वाटलं, सापडलं. हा मोड डाव्या चॅनेलचा आवाज पुढच्या आणि मागच्या डाव्या स्पीकरला देतो, उजव्याचा उजवीकडच्या दोघांना, आणि दोघांची बेरीज सेंटरला. चार-पाच खोल्यांत माणसं फिरताहेत आणि सगळ्यांना गाणं ऐकू यायला हवं, अशा वेळी तो कामाचा आहे. सोफ्यावर बसून संवाद ऐकायचा असेल तर तो अगदी चुकीचा.

का ते नीट सांगतो, कारण दादांना हेच समजवायला मला सर्वात जास्त वेळ लागला. त्यांच्या सोफ्यापासून पुढचे स्पीकर सुमारे ३.२ मीटरवर आणि मागचे १.४ मीटरवर होते. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे मागच्या स्पीकरमधला शब्द पुढच्यापेक्षा पाचेक मिलिसेकंद आधी कानावर पडत होता, शिवाय जवळून, म्हणून मोठाही. आपला कान जो आवाज आधी येतो त्याच्याकडे वळतो. मागाहून आलेल्या जुळ्या आवाजाला तो वेगळी जागा देत नाही. त्यामुळे समोर पडद्यावर ओठ हलताहेत आणि बोलणं मानेमागून येतंय, असा प्रकार. त्यातच एकच आवाज वेगवेगळ्या वेळी पोचला की काही कंपनसंख्या एकमेकांना मारतात आणि काही फुगतात. स, श, फ, त, ठ ही व्यंजनं ज्या बारीक, टोकदार आवाजावर ओळखायची, तो गढूळ होतो. वयाबरोबर आधी जातो तोही नेमका वरच्या कंपनसंख्यांचाच कान. काकूंचा "सात की साठ" हा प्रश्न त्यांच्या कानाइतकाच त्या खोलीचाही होता.

मी मोड बदलून डॉल्बी सराउंड, म्हणजे दोन चॅनेलमधला आवाज वेगळा करून ज्या त्या स्पीकरला देणारा मोड, लावला, बातम्यांचं चॅनेल लावलं, निवेदकाचा आवाज पडद्याखाली नीट येऊन बसला. वहिनी म्हणाल्या, "अगदी स्पष्ट येतंय." चहासुद्धा न घेता मी निघालो.

आठवड्याने दादांचा फोन. "अरे, तू काय करून गेलास? मागचे दोन्ही स्पीकर बंद पडलेत." त्यांनी मोड पुन्हा मल्टी चॅनेल स्टिरिओवर नेला होता आणि काकू पुन्हा टीव्हीच्या स्पीकरवर गेल्या होत्या.

काय तपासायचं राहिलं होतं

दुसऱ्या भेटीत मी आधी रिसीव्हरचं माहितीचं बटण दाबलं. रिसीव्हरच्या आत काय येतंय आणि बाहेर काय जातंय, हे ते पडद्यावर दाखवतं. टीव्हीच्या अ‍ॅपवर ५.१ असं स्पष्ट लिहिलेला सिनेमा चालू होता आणि रिसीव्हर म्हणत होता: पीसीएम, दोन चॅनेल. पीसीएम म्हणजे टीव्हीने आधीच उलगडून दिलेला आवाज.

टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर होतं. कुणी ठेवलं, कधी, ते कुणालाच आठवत नव्हतं. साध्या एआरसीवरून पीसीएम दोनच चॅनेलचं जातं. ५.१ चे सहा चॅनेल न्यायचे तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डॉल्बी डिजिटल प्लससारख्या स्वरूपात, बांधलेल्या गाठोड्यासारखे न उलगडता पाठवावे लागतात. ईएआरसीला, म्हणजे एआरसीच्या सुधारित आवृत्तीला, ही मर्यादा नाही, पण या टीव्हीत ते नव्हतं. म्हणजे इतके महिने काय चाललं होतं? सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात संवादासाठी वेगळा ठेवलेला सेंटर चॅनेल टीव्ही आधी डाव्या-उजव्यात मिसळून टाकत होता, आणि मग रिसीव्हर तेच मिश्रण पाचही स्पीकरला वाटत होता. ज्या संवादाला स्वतःचा स्पीकर मिळायचा होता, त्याचं दोनदा कालवण झालं होतं.

पहिल्या भेटीत हे बटण दाबायला मला दहा सेकंद लागली असती. मी ते दाबलं नाही, कारण मोडच्या नावातच मला उत्तर दिसलं होतं.

समोर असलेले पर्याय

दादांचा पर्याय, मोठा सेंटर, मी आधी बाजूला ठेवला. आहे त्या सेंटरला त्याचा चॅनेल कधी मिळालाच नव्हता, तर तो कमी पडतो हे ठरवायचं कशावरून?

टीव्हीचा स्पीकर संवादाला आणि सिस्टीम सिनेमाला, हा वहिनींचा चालू तोडगा. त्याने काम भागत होतं, पण त्यात काकूंना घरातल्या सगळ्यात पातळ आवाजावर बसवलं जात होतं. मला ते पटत नव्हतं.

संवाद उठावदार करणारी सोय बहुतेक रिसीव्हरमध्ये असते. ती कामाची आहे, पण मुळातली गडबड तशीच ठेवून वर लावली की आवाज नाकातून आल्यासारखा होतो. ती शेवटची पायरी म्हणून राखून ठेवली.

उरला खरा पर्याय: टीव्हीतून मूळ सिग्नल बाहेर काढायचा, आणि जे येईल त्याप्रमाणे मोड ठरवायचा. सहा चॅनेल आले तर सरळ डीकोड, म्हणजे गाठोडं उलगडून ज्याचं त्याला. दोनच आले तर दोन वाटा: स्टिरिओ, म्हणजे पुढचे डावे-उजवेच, नाहीतर डॉल्बी सराउंडसारखा अपमिक्स, म्हणजे दोन चॅनेलमधून जास्त चॅनेल काढणं.

अपमिक्स म्हणजे बनवाबनवी, असं बऱ्याच जाणकारांना वाटतं. हॉल, स्टेडियम, क्लब या मोडबद्दल ते म्हणणं समजू शकतो, कारण तिथे मूळ मुद्रणात नसलेली घुमी वरून घातली जाते. डॉल्बी सराउंड किंवा डीटीएस न्यूरल:एक्स यांचं काम निराळं आहे. दोन्ही चॅनेलमध्ये जे सारखं आहे ते सेंटरला, जे एकमेकांच्या उलट फेजमध्ये (एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली) किंवा पसरट आहे ते मागे, अशी ती निवड असते. ही कल्पना जुनी आहे. घरगुती डॉल्बी सराउंड १९८२ मध्ये आलं, १९८७ च्या प्रो लॉजिकने त्यात सेंटर वेगळा काढला, पण मागचा चॅनेल एकच आणि ७ किलोहर्ट्झपर्यंतच. २००० मध्ये प्रो लॉजिक २ ने मागे पूर्ण पल्ल्याचे दोन चॅनेल दिले. २०१४ मध्ये घरगुती अ‍ॅटमॉसबरोबर आलेला अपमिक्स पुन्हा डॉल्बी सराउंड या जुन्याच नावाने आला. निवेदकाचा आवाज दोन्ही चॅनेलमध्ये सारखा असतो, म्हणून तो सेंटरला जातो आणि मागचे स्पीकर गप्प बसतात. दादांना जे बंद पडल्यासारखं वाटलं, ते खरं तर काम चोख चालल्याचं लक्षण होतं.

काय केलं

पहिली गोष्ट दादांसाठी. रिसीव्हरचा टेस्ट टोन लावला. फसफस असा आवाज एकेका स्पीकरमधून फिरत गेला: डावा, सेंटर, उजवा, मागचा उजवा, मागचा डावा. दादा उठून प्रत्येक स्पीकरपाशी कान लावून आले. "म्हणजे बिघडलेलं काहीच नाही." नाही. मागच्या वेळी हे केलं असतं तर त्यांनी मोड परत फिरवला नसता, असं मला अजून वाटतं.

मग टीव्हीचं आउटपुट पीसीएमवरून ऑटोवर. तोच सिनेमा, तोच प्रसंग. रिसीव्हरवर आता डॉल्बी डिजिटल प्लस, ५.१. आणि लगेच दादा म्हणाले, "आवाज कमी झाला की रे!"

हा निर्णयाचा सगळ्यात नाजूक क्षण होता. डॉल्बीच्या ट्रॅकबरोबर संवादाची पातळी सांगणारा एक आकडा येतो आणि रिसीव्हर त्याप्रमाणे सगळा आवाज खाली आणतो, म्हणजे एका कार्यक्रमाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्याशी जुळावं. त्यामुळे पीसीएमवरून इकडे आलं की आवाज उतरल्यासारखा वाटतो. आणि दोन आवाजांतला मोठा तोच चांगला वाटतो, हा सर्वांच्याच कानांचा दोष. मल्टी चॅनेल स्टिरिओ दादांना आवडत होता त्यातही पाच स्पीकरांच्या मोठेपणाचा वाटा होता. म्हणून फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपने सोफ्यावर पातळी पाहिली आणि दोन्ही वेळी बोलणं सारखंच मोठं येईल असा व्हॉल्यूम ठेवला. फोनचं मोजमाप अचूक नसतं, पण इथे हवा होता तो फक्त फरक.

या वेळी काकू त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या, सोफ्याच्या डाव्या टोकाला. दोन मिनिटांचा एक संवादाचा प्रसंग तीनदा लावला. कोणता मोड ते सांगितलं नाही. काकूंनी फक्त ऐकलेलं वाक्य परत म्हणायचं. मल्टी चॅनेल स्टिरिओत त्यांनी अर्धी वाक्यं सोडून दिली. स्टिरिओत बरीच जमली, पण डाव्या टोकाला बसल्यामुळे सगळं बोलणं डाव्या स्पीकरमधून येतंय असं त्या म्हणाल्या. सरळ डीकोडमध्ये त्या वाक्यं म्हणत राहिल्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "आता तो तिकडून बोलतोय," आणि बोट पडद्याकडे केलं.

दादांसाठी पावसाचा एक प्रसंग लावला. मागच्या स्पीकरमध्ये आधी काहीच नव्हतं; मग दार उघडलं आणि पाऊस खोलीभर झाला. सबवूफरही पहिल्यांदाच स्वतःचा चॅनेल घेऊन बोलला, कारण दोन चॅनेलमध्ये मिसळताना तो चॅनेल बहुधा गाळला जातो. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत लाव."

पुढचं काम भराभर झालं. जुळणीचा माइक तिकाटण्यावर, कानाच्या उंचीला, पंखे बंद, आणि रिसीव्हरची स्वयंचलित जुळणी. तिने अंतरं बरोबर घेतली, त्यामुळे मागच्या स्पीकरांना आता योग्य तेवढा उशीर मिळू लागला. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं. ते तसंच ठेवलं, कारण त्यात सबवूफरच्या आतल्या सर्किटचा उशीर धरलेला असतो. पुढचे स्पीकर तिने लार्ज, म्हणजे खर्जही स्वतःच वाजवणारे, ठरवले होते. ते स्मॉल करून ८० हर्ट्झखालचा आवाज सबवूफरकडे दिला.

सेंटर कपाटाच्या कप्प्यात हातभर आत ढकललेला होता आणि त्याचं तोंड बसलेल्या माणसाच्या गुडघ्याकडे. तो ओढून कडेला आणला आणि पुढच्या बाजूने खाली रबराचे दोन तुकडे ठेवून तोंड कानाकडे वळवलं. इथेही माझा क्रम चुकला. आधी मी सेंटरची पातळी ३ डेसिबल वाढवली होती; स्पीकर कडेला आल्यावर तीच वाढ इतकी झाली की पात्रं आपल्या अंगावर ओरडताहेत असं वाटायला लागलं. शेवटी वाढ दीडवर स्थिरावली.

गाण्यांसाठी मुलीला स्टिरिओ ऐकवलं. गायिका दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, जिथे त्या वेळी एकही स्पीकर वाजत नव्हता तिथे, येऊन उभी राहिली. "हीच जागा," ती म्हणाली. डायरेक्ट मोडही करून पाहिला, कारण त्यात रिसीव्हरची ढवळाढवळ सर्वात कमी. पण या रिसीव्हरमध्ये डायरेक्टवर सबवूफर आणि खोलीची जुळणी दोन्ही बंद होतात, आणि पुढच्या लहान स्पीकरांवर तबल्याचा डग्गा पोकळ वाजला. म्हणून साधा स्टिरिओच. प्रेक्षकांसमोर मुद्रित झालेल्या मैफली तिने डॉल्बी सराउंडवर ऐकायचं ठरवलं. टाळ्या मागे गेलेल्या तिला आवडल्या. मला त्या समोरच बऱ्या वाटतात, पण ऐकणारी ती आहे.

निकाल

रिसीव्हर प्रत्येक प्रकारच्या सिग्नलसाठी शेवटचा मोड लक्षात ठेवतो, याचा फायदा घेतला. टीव्हीवरून ५.१ आलं की सरळ डीकोड, दोन चॅनेल आले की डॉल्बी सराउंड. संगीताच्या इनपुटवर स्टिरिओ. आता मोडच्या बटणाला रोज हात लावावा लागत नाही. रात्री उशिरा दादा सिनेमा पाहतात तेव्हा नाइट मोड, म्हणजे मोठे आवाज दाबून लहान वर आणणारी सोय. ती दिवसा लावू नका, असं मी बजावून सांगितलंय.

काकूंच्या मालिका आता सिस्टीमवरच चालतात आणि व्हॉल्यूम पूर्वीपेक्षा खाली असतो. मोठा सेंटर घेतला गेला नाही. संवाद उठावदार करणारी सोय लागलीच नाही.

एक फोन मात्र आला. काकू जुना कृष्णधवल सिनेमा पाहत होत्या आणि पुढचे डावे-उजवे दोन्ही स्पीकर गप्प. मूळ ध्वनी मोनो, म्हणजे दोन्ही चॅनेल तंतोतंत सारखे. डॉल्बी सराउंडने सगळं सेंटरला दिलं. या वेळी दादांनी फोनवर आधीच सांगितलं, "टेस्ट टोन लावून बघितला, स्पीकर ठीक आहेत. मोडचंच काहीतरी आहे ना?" गाण्यांना जरा रुंदी हवी असेल तर स्टिरिओ लावा, म्हटलं. काकूंनी नको म्हणून सांगितलं, त्यांना सगळं मधूनच हवं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

काकू झोपलेल्या असताना त्यांच्यासाठीचा निर्णय मी घ्यायलाच नको होता. तक्रार ज्याची, तो त्याच्या जागेवर बसलेला असताना तपासायचं. सोफ्याच्या मध्यावर मला जे ऐकू आलं त्याचा काकूंच्या टोकाशी फारसा संबंध नव्हता. बदल केल्यावर मागचे स्पीकर गप्प का राहतील, हेही दादांना तेव्हाच सांगायला हवं होतं. न सांगता केलेली दुरुस्ती त्यांना बिघाड वाटली, आणि एक आठवडा काकूंचा गेला.

क्रमाबद्दल मी आता असा वागतो: आधी आत येणारा सिग्नल, मग स्पीकरची जागा, मग माइकची जुळणी, मग मोड, आणि सेंटरची पातळी सगळ्यात शेवटी. तुलना करायची तर व्हॉल्यूम जुळवूनच.

एक काम बाकी आहे. सराउंड स्पीकर कानाच्या रेषेच्या जरा मागे, समोरच्या दिशेपासून १०० ते १२० अंशांत असावेत, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची ५.१ ची शिफारस सांगते. दादांचे सोफ्याच्या पार मागे आहेत, कारण डावीकडे दार उघडतं. दादा आता भिंतीवर ब्रॅकेट लावायचं म्हणताहेत. ते लागले की सगळी अंतरं बदलतील, माइकची जुळणी पुन्हा करावी लागेल, आणि तेव्हा काकू जाग्या असतील अशीच वेळ आम्ही ठरवली आहे.